मोडलेली बिऱ्हाडे आणि कॅमेऱ्याची साक्ष

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला ‘लोकसंख्या आणि स्थलांतर’ हे प्रकरण शिकवताना प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे दोन तास एकत्र घेऊन, व्याख्यान न देता, एक अनुबोधपट दाखवतो. आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा तो अनुबोधपट. मुंबईच्या पदपथांवर आणि झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या श्रमिकांची घरे पाडली जात असताना तो चित्रित झाला आणि १९८५ मध्ये प्रेक्षकांपुढे आला. त्या वेळी हा लेखक बालवाडीत होता आणि आजच्या विद्यार्थ्यांचा तर जन्मही झाला नव्हता. तरीही अनुबोधपट संपल्यावर वर्गात दरवर्षी वाद होतो. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: “सर, पण फूटपाथ चालण्यासाठीच असतो ना?” प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी, पदपथावर राहणारा माणूस तेथे आला कसा आणि तेथेच का राहिला, हे पाहिले पाहिजे.

सेलमला गेलेली बस

१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्या सर्वांना तेथून हटवण्यात येईल आणि त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवण्यात येईल. दिवस भर पावसाळ्याचे होते. त्या मोहिमेविरुद्ध जे अर्ज न्यायालयात दाखल झाले, त्यांतील एक खटला पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जातो. परंतु ज्यांची घरे पाडली गेली, असे पदपथवासीही त्यात अर्जदार होते आणि त्यांची हकिगत निकालपत्रात नोंदवलेली आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती वाचलेली असते; अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही ती वाचायला हवी.

त्यांपैकी एक अर्जदार तमिळनाडूतील सेलमहून मुंबईत आलेला भूमिहीन मजूर होता. दुष्काळाने गावचे काम गेले म्हणून तो निघाला. दहिसरला एका रासायनिक कारखान्यात त्याला रोज २३ रुपये मजुरी मिळू लागली. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या पदपथावर प्लास्टिक आणि कॅनव्हास यांचा जो आडोसा त्याने मिळवला, त्यासाठी एका झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये वसूल केले. दुसरा अर्जदार आपल्याकडचाच, संगमनेरचा. गावी तो चांभारकाम करी आणि दिवसाला सात-आठ रुपये मिळवी. गावातले त्याचे नावापुरते घर पडले, तेव्हा तो मुंबईला आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने तेथल्या गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लास्टिक यांना आणखी ७०० रुपये लागले.

जुलै १९८१ मध्ये सेलमच्या मजुराचा आडोसा पाडण्यात आला आणि कुटुंबाला बसमध्ये बसवून सेलमकडे रवाना करण्यात आले. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र कामासाठी परत आला आणि पुन्हा पदपथावरच राहू लागला. संगमनेरच्या माणसाची झोपडी त्याआधीच, १९८० मध्ये, एकदा पाडली गेली होती. त्याने ती पुन्हा उभी केली होती. या प्रकाराला न्यायालयाने लपंडावाची उपमा दिली आहे. पालिकेची माणसे आली की पदपथवासी आडगल्लीत जातात, ती गेली की परततात. कारण त्यांची जागेवरची ओढ म्हणजे जागा कामाजवळ असण्याची ओढ असते, असे न्यायालयानेच नोंदवले.

झोपडीची किंमत

येथे थोडे अंकगणित करणे आवश्यक आहे. रोज २३ रुपये मिळवणाऱ्याने झोपडीसाठी २,५०० रुपये दिले, म्हणजे शंभराहून अधिक दिवसांची संपूर्ण मजुरी दिली. महिना ३५० रुपये मिळवणाऱ्याने एक हजार रुपये घातले, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार घातला. ‘हे लोक फुकट राहतात’ हे सुशिक्षित समाजातील आवडते विधान या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. पदपथावरची जागाही विकत घ्यावी लागते. फरक एवढाच की, पैसे घेणारा पावती देत नाही आणि घर पाडले गेले तर भरपाईही देत नाही.

मग इतके पैसे देऊन माणूस पदपथच का निवडतो? कारण तो घर विकत घेत नसतो. कामापर्यंतचे अंतर विकत घेत असतो. ज्याची मजुरी रोजची आणि काम सकाळी नाक्यावर उभे राहून मिळणारे, त्याला दूरच्या उपनगरातील स्वस्त खोली परवडत नाही. गाडीभाडे, वाया जाणारे दोन-तीन तास आणि उशीर झाल्याने बुडणारा रोज यांची बेरीज केली की, ‘स्वस्त’ खोली पदपथापेक्षा महाग पडते. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर चार घरची कामे चालण्याच्या अंतरावर असली तरच संसार भागवता येतो.

या व्यवहाराची दुसरी बाजूही आहे. कामगाराच्या निवाऱ्याचा खर्च मजुरीत धरला जात नाही, म्हणूनच आपल्याला त्याचे काम स्वस्तात मिळते. इमारतीचा चौरस फुटाचा दर, भाजीचा भाव, मोलकरणीचा पगार या सर्वांत तो न धरलेला खर्च दडलेला असतो. शहर पदपथवासीयाला पोसत नाही. बऱ्याच अंशी तोच शहराला पोसतो. ही गोष्ट आम्ही फळ्यावर आकृती काढून सांगतो, तेव्हा विद्यार्थी ती परीक्षेपुरती लिहून घेतात. पडद्यावर एक माणूस मोडलेल्या बांबूंची मोळी बांधताना दिसतो, तेव्हा ती त्यांना समजते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने अनुबोधपटाचे ऋण मान्य करायचे ते यासाठी.

बाईचा प्रश्न

‘हमारा शहर’मध्ये पालिकेचे आणि पोलिसांचे वरिष्ठ अधिकारी बोलतात, शहराच्या सौंदर्याची चिंता करणारे सुखवस्तू नागरिक बोलतात आणि ज्यांची घरे पाडली ते श्रमिकही बोलतात. निवेदकाने फारसे काही सांगण्याची गरज उरत नाही. विलास घोगरे या शाहिराचा आवाज त्यात आहे. याच घोगरे यांनी जुलै १९९७ मध्ये, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेल्यानंतर काही दिवसांतच आत्महत्या केली. त्यांच्या मृत्यूपासून सुरू होणारा ‘जय भीम कॉम्रेड’ हा अनुबोधपट पटवर्धन यांनी पुढे चौदा वर्षे खपून पूर्ण केला.

परंतु ‘हमारा शहर’मधील जो प्रसंग विसरता येत नाही तो निराळाच आहे. घर मोडलेली एक बाई कॅमेरा घेऊन आलेल्यांवरच संतापते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव मिळवाल, आम्हांला त्याचा काय उपयोग, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. दिग्दर्शकाला तो भाग सहज गाळता आला असता. त्याने तो ठेवला. तिचा प्रश्न चित्रपटकर्त्याला उद्देशून होता खरा. परंतु तो त्याच्यापाशी थांबत नाही. झोपडपट्टीची पाहणी करून प्रबंध लिहिणारा संशोधक, त्या प्रबंधावर पदोन्नती मिळवणारा प्राध्यापक, पडद्यावर दुःख पाहून हळहळणारा प्रेक्षक आणि अर्थात प्रस्तुत लेखक, या सर्वांना तो लागू आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर कृतीने देण्याचा प्रयत्न झाला, हे नमूद केले पाहिजे. १९८६ मध्ये कुलाब्याजवळचे संजय गांधी नगर पाडले गेले, तेव्हा पटवर्धन, अभिनेत्री शबाना आझमी आणि काही रहिवासी यांनी पाच दिवस उपोषण केले. अखेर त्या कुटुंबांना गोरेगावला दिंडोशी येथे पर्यायी जागा मिळाली. हा मोठा विजय होता. पण अंकगणित येथेही सुटत नाही. कुलाबा परिसरात ज्यांची रोजची कामे होती, त्यांच्यासाठी दिंडोशी हे शहराचे दुसरे टोक होते. घर मिळाले, कामाजवळचे घर गेले.

दुसरे उत्तर मला वर्गात मिळाले. दोन-तीन वर्षांपूर्वी अनुबोधपट संपल्यावर याच बाईच्या प्रश्नावर चर्चा चालू होती. चित्रीकरण करणे हेच मुळात शोषण आहे, असे एक हुशार विद्यार्थी तावातावाने मांडत होता. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी वर्गात कधी बोलत नसे, ती म्हणाली, “सर, आमचं घर दोनदा पाडलं. तेव्हा कॅमेरा घेऊन कोणीच आलं नव्हतं.” नंतर तिने सांगितले की, तिची आई रेशनकार्ड, विजेची बिले आणि मतदार यादीचा उतारा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी रात्री उशाशी ठेवते. झोपडी अमुक तारखेच्या आधीची आहे हे सिद्ध करता आले तरच पर्यायी घराचा हक्क मिळतो. ती तारीख प्रथम १ जानेवारी १९९५ होती, पुढे १ जानेवारी २००० झाली. त्या बाईच्या दृष्टीने घर म्हणजे भिंती नव्हेत. घर म्हणजे ती पिशवी.

कॅमेऱ्यावर संतापलेली बाई आणि कॅमेरा आलाच नाही म्हणणारी मुलगी, या दोघींचेही म्हणणे खरे आहे. पहिली सांगते की, नुसते पाहणे ही मदत नव्हे. दुसरी सांगते की, ज्याची कोणी नोंदच केली नाही, त्याचे काही मोडलेच नव्हते असे उद्या म्हटले जाईल. अनुबोधपटाचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन वाक्यांच्या मध्ये आहेत.

नोंद आणि निकाल

१९८५ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईच्या पदपथांवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. सरकारने १९७६ मध्ये झोपडपट्ट्यांची शिरगणती केली होती, तीत पदपथवासी धरलेच गेले नव्हते. आणि त्याच वर्षी, १० जुलैला, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला.

हा निकाल दोन तोंडांचा आहे. उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, हे त्याने प्रथमच निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु त्याच निकालाने पदपथावरील झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. सूचना न देता पाडणे हा अपवाद असावा, नियम नव्हे. १९७६ च्या शिरगणतीत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी. आणि त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा उलटून महिना होईपर्यंत, झोपड्या हलवू नयेत, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे ज्याची सरकारी नोंद होती त्याला जागेचे आश्वासन मिळाले. ज्याची नव्हती त्याच्या वाट्याला पावसाळ्यापुरती मुदत आली. गणनेत असणे किंवा नसणे याचा अर्थ एवढा प्रत्यक्ष असतो.

बस न मिळालेले

चार दशकांनी चित्र उलटे झाले. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. २९ मार्चला केंद्र सरकारने आदेश काढला की, मालकांनी मजुरी कापू नये आणि घरमालकांनी मजुरांकडे महिनाभर भाडे मागू नये. मजुरी थांबली की खोली जाते हे सरकारला ठाऊक होते, याचा हा पुरावाच म्हणायचा. पण हाती पैसा नसलेल्या आणि भाडेकरार कधीच न पाहिलेल्या माणसाने तो आदेश कोणाला दाखवायचा? १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले, त्यांना घरी जायचे होते. ८ मे रोजी पहाटे जालन्याहून चालत निघालेले आणि करमाडजवळ रेल्वेरुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते मध्य प्रदेशातील आपल्या गावी निघाले होते.

१९८१ मध्ये ज्यांना जायचे नव्हते त्यांना सरकारने बसमध्ये बसवले. २०२० मध्ये ज्यांना जायचे होते त्यांना बस मिळेना. श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या त्या १ मेपासून, म्हणजे पाच आठवड्यांनंतर. विनोद कापरी यांच्या ‘१२३२ किलोमीटर’ या २०२१ मधील अनुबोधपटात गाझियाबादहून बिहारमधील सहरसा येथे सायकलींवर निघालेले सात मजूर आहेत. चित्रीकरण करणारे मोटारीतून जातात आणि चित्रित होणारे सायकलवरून. येथेही तोच जुना प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहतो. आणि तरीही तो अनुबोधपट झाला हे बरेच झाले. कारण सप्टेंबर २०२० मध्ये टाळेबंदीतील स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंविषयी संसदेत विचारणा झाली, तेव्हा तशी आकडेवारी ठेवलेली नाही असे उत्तर मिळाले. गावी परतलेल्यांचा आकडा मात्र एक कोटीच्या वर देण्यात आला. जेथे सरकारी तक्ता रिकामा राहतो, तेथे साक्षीदाराचे मोल वाढते.

कायदा नव्हता असे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने मजुराला विस्थापन भत्ता आणि प्रवासभत्ता द्यावा, राहण्याची योग्य सोय करावी, असे स्पष्ट लिहिले होते. त्यासाठी मजुराचे नाव नोंदवहीत असणे आवश्यक होते. ते क्वचितच असे.

पदपथ कोणासाठी?

आता विद्यार्थ्यांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. पदपथ चालणाऱ्यांसाठीच असतो. म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले वाहनांच्या गर्दीतून रस्त्यावरून चालतात हे योग्य नाही आणि पदपथवासीयांची बाजू घेणाऱ्यांनी ही अडचण क्षुल्लक मानू नये. पदपथावर संसार मांडावा लागणे हे त्या संसाराचेही सुख नव्हे. परंतु पदपथ मोकळा करणे आणि माणूस हाकलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. माणूस हाकलला तर तो पुढच्या गल्लीत जातो, पुन्हा कोणा गुंडाला पैसे देतो, पुन्हा बांबू विकत घेतो. पालिकेचा खर्च वाया जातो, मजुराची तीन महिन्यांची कमाई वाया जाते आणि पदपथ काही मोकळा होत नाही. नीतीचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी हा व्यवहार तोट्याचाच आहे.

कामाजवळ भाड्याच्या खोल्या हा यावरील मार्ग मुंबईला नवा नाही. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्यांत सोळा हजारांच्या आसपास खोल्या होत्या. पहिल्या काही वर्षांत त्यांतील पुष्कळ रिकाम्या राहिल्या, कारण भाडे मजुराला झेपणारे नव्हते. हा धडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. जागा जवळ हवी आणि भाडे मजुरीच्या प्रमाणात हवे. दोहोंपैकी एक चुकले की योजना फसते. २०२० मध्ये केंद्र सरकारने स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. तिचेही मूल्यमापन किती घरे बांधली यावरून न करता, ती कामापासून किती दूर आहेत आणि भाड्यात किती दिवसांची मजुरी जाते, यावरून केले पाहिजे.

हे मोजण्यासाठी आधी मोजणी हवी. २०२१ मध्ये व्हायची जनगणना लांबणीवर पडली आणि दीर्घकाळ आपण २०११ च्या आकड्यांवरच स्थलांतराचे प्रकरण शिकवत राहिलो. मजुरांची नोंद करणे हे सरकारचे काम आहे, चित्रपटकर्त्याचे नव्हे. त्याच्या कॅमेऱ्यात फार तर सात मजूर मावतात. कोटीभर मावत नाहीत. पण ते सात जण दिसल्यावर उरलेल्यांचा हिशेब मागणे हे प्रेक्षकाचे काम आहे.

शिक्षक, कारकून, विद्यार्थी असा आपला वर्ग हा हिशेब मागू शकतो. आपल्या वॉर्डात झोपड्या पाडल्या जातात तेव्हा आधी सूचना दिली होती का, पर्यायी जागा कोठे दिली आणि तेथून कामापर्यंतचे भाडे किती, एवढे तीन प्रश्न पालिकेला लेखी विचारायला फार धैर्य लागत नाही. असे अनुबोधपट महाविद्यालयात दाखवावेत, तसे ज्या वस्त्यांत त्यांचे चित्रीकरण झाले तेथेही दाखवावेत. म्हणजे बाईचा प्रश्न निदान समोरासमोर ऐकावा लागेल. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने त्या वर्षी स्थलांतराच्या प्रकरणावर प्रकल्प केला. तिने आपल्या वस्तीतील चाळीस घरांत जाऊन, पूर्वीचे घर पाडल्यानंतर कामाला जाण्याचा खर्च किती वाढला, हे विचारून लिहून आणले. तक्ता साधा होता, हस्ताक्षरात होता. पहिली नोंद तिच्या आईची होती.